आप्पांची लादी बसत नाही

आप्पा महाजन आमच्या दारात आले की त्यांच्या हातात झाकलेली वाटी असते. ते वाटी पुढे करतात, वरची ताटली उचलत नाहीत, आणि म्हणतात, "ओळख."

ओळखण्यासारखं त्यात काही नसतं. वाटीत पोहे असोत, भजी असोत, मेथीची भाजी असो नाहीतर लाडू, त्यात टोफूचा चुरा असतो. हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. तरी मी दर वेळी थोडा विचार केल्यासारखं करते, कारण लगेच ओळखलं की त्यांचा चेहरा उतरतो. मग मी हळूच म्हणते, "टोफू?" आणि ते खूश होऊन म्हणतात, "बरोबर. पण कशात?"

बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात आम्ही आप्पांच्या घरात खाली भाड्यानं राहतो, वरच्या मजल्यावर आप्पा आणि शकूकाकू राहतात. आप्पांची राजपुऱ्यात चाळीस वर्षं दूध डेअरी होती. आता ती त्यांचा पुतण्या चालवतो. आप्पांच्या बोटांना अजून दुधाची सवय आहे. कोणाच्याही घरी चहा घेताना ते आधी कप तिरपा करून साय बघतात, मग यजमानांकडे बघतात, आणि काही बोलत नाहीत. हे न बोलणं आईला फार लागतं.

मला ते नावानं हाक मारत नाहीत. मी इंग्लिश मीडियमला शिकले म्हणून माझं नाव "इंग्लिश". "काय इंग्लिश, कुठं चालली?" असं ते वरच्या कठड्यावरून विचारतात, आणि अख्ख्या गल्लीला कळतं की मी कुठंतरी चालले आहे. मला हे आवडत नाही, हे मी त्यांना गेली वीस वर्षं सांगणार आहे.

अशा दुधाच्या माणसाला टोफूचा नाद कसा लागला, ते सांगायला हवं. त्यांची एकुलती एक मुलगी वैशूताई लग्न होऊन पुण्याला गेली, आणि तिथं तिनं दूध सोडलं. दूध, दही, तूप, पनीर, सगळंच. वासराच्या वाटचं आपण घ्यायचं नाही, असं तिला मनापासून वाटायला लागलं. वाटलं ते ठीक, पण तिनं ते आखाजीच्या दिवशी, पाटावर बसून, सगळ्या नातेवाइकांसमोर सांगितलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, पुरणपोळी आणि आमरस खातात. आप्पा तुपाची लोटी घेऊन वाढायला उभे होते. ते म्हणाले, "ज्या दुधावर शिकली, ते दूध आज वाईट झालं का? दूध चालत नसेल तर या घरातलं काहीच चालायचं नाही तुला."

वैशूताईनं ते शब्दशः घेतलं. पुढच्या तीन आखाजींना ती आली नाही. एरवी आली तर सकाळी येऊन संध्याकाळी जायची, सोबत स्वतःचा डबा आणायची आणि गॅलरीत बसून खायची. आप्पा तेवढा वेळ देवळात जायचे. तसे ते देवळात जाणारे नाहीत.

मग गेल्या वर्षी शकूकाकू पुण्याला महिनाभर राहून आल्या आणि त्यांनी सहज सांगितलं की वैशू तिथं सोयाबीनचं काहीतरी पांढरं, चौकोनी खाते. आप्पांनी विचारलं, "चौकोनी मतलब? लादीसारखं?" काकू म्हणाल्या, "हाव, लादीसारखंच. पनीरच म्हणा ना." आप्पा म्हणाले, "पनीर नाही म्हणायचं. पनीर दुधाचं असतं." दुसऱ्या दिवशी त्यांनी पाच किलो सोयाबीन आणलं.

कशासाठी, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "पोटाला हलकं असतं." पण घरात, गल्लीत आणि पुतण्याच्या डेअरीत सगळ्यांना माहीत होतं. आप्पांना येत्या आखाजीला लेकीच्या पानात स्वतःच्या हातची, कडा धरलेली, अखंड लादी वाढायची होती.

आणि लादी बसत नव्हती.

त्यांच्या या उद्योगात माझं काम दुभाष्याचं. ते मोबाईल माझ्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, "इंग्लिश, हा काय म्हणून राहिला?" व्हिडिओतला माणूस सांगायचा, मी मराठीत सांगायची. सोयाबीन रात्रभर भिजवा, वाटा, गाळा, उकळा, मग ते नासवा, कापडात बांधा, वर वजन ठेवा. "नासवायचं" म्हटलं की आप्पा हात वर करायचे. "बस. पुढचं मला नको सांगू. दूध फाडणं मला शिकवतो का तो?"

कापडात बांधलेल्या गठडीवर ते पाटा ठेवायचे. मसाला वाटायचा दगडी पाटा. आणि दर पाच मिनिटांनी पाटा उचलून, गाठ सोडून, आत बघायचे. "बसलं का" असं स्वतःशीच विचारायचे आणि बोटानं दाबून पाहायचे. काकू म्हणायच्या, "निजलेल्या लेकराला कोणी असं उठवतं का हो?" पण आप्पांना राहवायचं नाही. शेवटी कापड उघडलं की आत चुरा. "टोफूसाहेब पुन्हा फुटले," असं म्हणून ते परात पुढे ओढायचे.

या चुऱ्याचं काय करायचं, इथून आमची सगळ्यांची कथा सुरू होते.

आप्पा अन्न टाकत नाहीत. पहिले काही दिवस भुर्जी झाली. कांदा, हिरवी मिरची, हळद, वरून कोथिंबीर. चांगली होती. पण आठवड्यातून तीन दिवस, चार घरं, भुर्जी खाऊन गल्ली कंटाळली. मग आप्पांनी डोकं चालवायला सुरुवात केली. मिरचीच्या भज्यांत बटाट्याऐवजी चुरा. पराठ्यात चुरा. झुणक्यात चुरा. कढीत गोळे. शेवभाजीत तर त्यांनी तो शेवेच्या खाली लपवला होता. रस्सा ओरपताना बाबांच्या दातांखाली काहीतरी मऊ आलं, तेव्हा त्यांनी घास तोंडातच थांबवून आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "गिळा. आप्पांचं आहे."

सगळं वाईट नव्हतं. एकदा त्यांनी चुरा कोरडा, लालसर होईपर्यंत भाजला आणि त्यात लसूण, शेंगदाणे, सुकी मिरची घालून ठेचला. ती चटणी इतकी उत्तम झाली की आईनं मला पुन्हा रिकामी वाटी देऊन वर पाठवलं. "मी मागितली असं सांगू नको," ती म्हणाली. मी वर जाऊन वाटी पुढे केली आणि काही बोलले नाही. आप्पांनी वाटी भरली आणि म्हणाले, "आईला सांग, लाजायचं काही कारण नाही."

पण वांग्याच्या भरितात त्यांनी चुरा घातला, तेव्हा प्रकरण चिघळलं. हिवाळ्याचे दिवस, हिरवी वांगी काड्यांवर भाजलेली, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आईनं एक घास घेतला, भाकरी ताटात ठेवली, पदर खांद्यावर घेतला आणि जिन्याच्या पायरीवर उभी राहून वर म्हणाली, "आप्पा, तुम्ही वयानं मोठे आहात, घरमालक आहात. पण भरिताला हात लावायचा नाही."

वरून आवाज आला, "प्रयोग होता."

"प्रयोग मेथीवर करा."

त्यानंतर त्यांनी गोडाकडे मोर्चा वळवला. बऱ्हाणपूरचा दराबा म्हणजे रवा, तूप आणि साखर फेटून फेटून ढगासारखी हलकी केलेली मिठाई. आप्पांनी तूप आणि रवा वगळला, चुरा आणि पिठीसाखर घेतली, आणि दुपारभर फेटत बसले. संध्याकाळी ताटलीत जे होतं ते चमच्यानं निघेना. काकूंनी ताटली उलटी धरली. ते खाली पडलं नाही. काकू म्हणाल्या, "न्हाणीच्या भिंतीला भेग आहे, तिथं भरू का?"

गल्लीतल्या मांजरीसमोरही आप्पांनी एकदा चुरा ठेवला. तिनं वास घेतला आणि पाठ फिरवली. आप्पा रागावले नाहीत. "ती दुधाची मांजर आहे," ते म्हणाले. "वेळ लागेल तिला."

एकदा मी धीर करून विचारलं, "आप्पा, ताईला चुराच वाढला तर नाही का चालणार? चव तर तीच असते." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ओढणी सारखी करायला लागले. "डेअरीत पनीरचा चुरा उरायचा," ते म्हणाले. "तो आम्ही हलवायाला देत होतो. लादी घरी यायची. घरच्या माणसाच्या पानात चुरा कधी पडला नाही, इंग्लिश. आणि तीन आखाजी चुकवून येणाऱ्या लेकीला चुरा वाढू?"

ती येणार हेही तेव्हा पक्कं नव्हतं. आखाजीला लेकीला आणायला माहेरचं माणूस पाठवायची रीत आहे. आप्पांनी कोणाला पाठवलं नाही. त्यांनी ताईला फोन केला, पण "ये" असंही म्हणाले नाहीत. "यंदा गाडीला गर्दी फार आहे, तिकीट मिळतं का ते बघून ठेव," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. पलीकडून ताईनं काकूंना फोन करून विचारलं, "आप्पांना नेमकं काय म्हणायचं होतं?" काकू म्हणाल्या, "तिकीट काढ."

आखाजीला दोन दिवस उरले असताना काकूंनी आप्पांना पहाटेच इच्छापूरला देवीच्या दर्शनाला पिटाळलं. त्याआधी आप्पांनी सोयाबीनचं दूध फाडून, कापडात बांधून, पाट्याखाली ठेवलं होतं. दहाच्या सुमाराला ते परत आले, आणि थोड्या वेळानं वरून हाक आली. "इंग्लिश. वर ये. मोबाईल घेऊन ये."

मी गेले. ओट्यावर स्टीलच्या ताटात लादी होती. पांढरी, चौकोनी, चारही कडा धरलेली. वर कापडाची वीण उमटली होती. आप्पा तिच्या बाजूला हात मागे बांधून उभे होते. "फोटो काढ," ते म्हणाले. मी काढला. "माझ्यासोबत काढ." तोही काढला. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि आणखी एक काढायला सांगितला.

"आज कसं जमलं?" मी विचारलं.

"पाणी नीट आंबलं होतं," आप्पा म्हणाले.

"तुम्ही घरात नव्हता म्हणून जमलं," काकू म्हणाल्या. "कोणी उघडून बघायला नव्हतं."

"कोणतं पाणी?" मी विचारलं.

आप्पांनी फ्रिज उघडून एक प्लॅस्टिकचा कॅन दाखवला. आत पिवळसर, गढूळ पाणी होतं. "पनीरचं. पुतण्याकडून परवा आणलं. पनीर काढल्यावर जे पाणी उरतं ना, ते दोन दिवस आंबवलं की त्याच्याइतकं सुरेख दूध कशानं फाटत नाही. लिंबू, सिरका, ही नवशिक्यांची कामं. माझ्या वडिलांपासून आम्ही हेच वापरून राहिलो."

म्हणजे वर्षभर. भुर्जी, भजी, चटणी, भरीत, सगळं. "पुढचं मला नको सांगू" म्हणून त्यांनी मला जिथं थांबवलं होतं, तिथं मी खरोखरच थांबले होते, आणि कशानं नासवता हे कधी विचारलं नव्हतं. थांबायला सांगितलं की मला बरंच वाटतं.

मी "छान झालं" म्हणाले आणि जिना उतरायला लागले. तीन पायऱ्या उतरले. कोणाला काही कळणार नव्हतं. ताईला लादी मिळणार होती, आप्पांना ताई. मी गप्प राहिले तर कोणाला नवल वाटलं नसतं, मी गप्पच असते. पण परवा ताई तो घास तोंडात घालेल आणि मला समोर बसून बघावं लागेल, हे डोळ्यांपुढे आलं. मी परत वर गेले.

"आप्पा, ते पाणी," मी म्हणाले, "ते दुधाचंच असतं ना?"

"पाणी आहे ते."

"हो. पण दुधातलं."

आप्पांनी कॅनकडे पाहिलं, मग लादीकडे. मग ते स्टुलावर बसले. ओट्यावर पाण्याचा एक ओघळ हळूहळू कडेला येत होता, तो त्यांनी बोटानं अडवला.

"मतलब आजपर्यंतचं सगळं," ते म्हणाले.

"हो."

काकू हळू आवाजात म्हणाल्या, "कोणाला कळतंय? पिळून तर निघून गेलं ते पाणी. वैशूला कोण सांगणार आहे? ही तर बोलतच नाही कोणाशी."

हे खरं होतं, म्हणून मी काही बोलले नाही.

आप्पांनी ओलं बोट शर्टाला पुसलं. मग म्हणाले, "चाळीस वर्षं मी दुधात पाणी घातलं नाही. राजपुऱ्यात कोणालाही विचार. आता पाण्यात दूध घालून लेकीला देऊ?"

ते उठले, हात धुतले, पुसले. मग दोन्ही हातांची बोटं लादीत घातली आणि ती फोडली. आधी मधोमध, मग अर्ध्याचे तुकडे, मग तुकड्यांचा चुरा. घाई केली नाही. पनीर कुस्करायची त्यांची जी पद्धत असेल, तशीच. मी पहिल्यांदा पाहत होते. काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

"हा खाली ने," आप्पा म्हणाले. "आईला सांग, भुर्जी कर. आणि ते फोटो काढून टाक मोबाईलमधून."

मी हो म्हणाले. फोटो अजून आहेत.

पुढच्या दोन दिवसांत अंगणातल्या लिंबाच्या झाडावर एक लिंबू उरलं नाही. पहिलं दूध कडू झालं. दुसरं फाटलंच नाही, नुसतं नाराज होऊन राहिलं. तिसरं फाटलं, बांधलं, पाट्याखाली गेलं. काकूंनी आप्पांना पुन्हा देवीला जायला सांगितलं, पण ते गेले नाहीत. "लेक येऊन राहिली, आणि मी घरात नको?" असं म्हणून पाट्यासमोर खुर्ची टाकून बसले. आखाजीच्या सकाळी कापड उघडलं तेव्हा आत काय होतं, ते सांगायची गरज नाही.

वैशूताई नऊच्या गाडीनं आली. काकूंनी मलाही जेवायला बोलावलं होतं. मला वाटतं, घरात तिसरं कोणी असलं की माणसं नीट वागतात, म्हणून. खापरावरची पुरणपोळी होती, तूप न लावलेली. आमरस होता, दूध न घातलेला. तुपाची लोटी कुठं दिसत नव्हती. ताईनं हे सगळं पाहिलं आणि पानावर बसली.

आप्पांनी कढई आणली आणि तिच्या पानाजवळ थांबले. "लादी बसली नाही," ते म्हणाले. "चुराच आहे."

ताईनं पान पुढे सरकवलं. आप्पांनी वाढलं. तिनं बोटानं थोडा उचलला, वास घेतला आणि विचारलं, "कशानं फाडलं?"

ती शेवटी डेअरीवाल्याची मुलगी.

"लिंबानं," आप्पा म्हणाले.

"खरंच? मला वाटलं, तुम्ही पनीरचंच पाणी घालणार. सवयीनं."

आप्पांनी कढई दुसऱ्या हातात घेतली. "मला काय एवढंही कळत नाही?" ते म्हणाले.

काकूंना ठसका लागला. मी आमरसाची वाटी तोंडाला लावली आणि ती रिकामी झाल्यावरही काही वेळ तशीच धरून ठेवली.

ताई जेवली. चुरा दोनदा मागून घेतला. तिसऱ्यांदा आप्पांनी न विचारता वाढला, तेव्हा ती म्हणाली, "आप्पा, बस झालं आता, तुम्ही बसा ना जेवायला." मग ते बसले. तिच्या शेजारी नाही, समोर. तिच्याकडे न बघता त्यांनी कोरडी पुरणपोळी तोडली, नुसतीच चावली, आणि म्हणाले, "तुपाशिवाय घशाखाली जात नाही, पण चव कळते खरी." ताई हसली. मला वाटतं, त्या घरात यापेक्षा मोठी माफी कोणी मागितली नसेल.

जेवणं झाल्यावर काकू आतल्या खोलीत झोक्याची दोरी शोधत होत्या, आप्पा स्वयंपाकघरात होते. मी निघाले तेव्हा ताई माझ्यामागे जिन्यापर्यंत आली. तिच्या हातात पर्समधून काढलेलं एक पाकीट होतं. पुण्याच्या दुकानातलं, सीलबंद, आत टोफूची लादी. कडा अशा की पट्टीनं आखल्यासारख्या.

"हे मी सोबत ठेवलं होतं," ती म्हणाली. "वाटलं, इथं खायला काही नसलं तर. तू घेऊन जा. आप्पांना दिसू देऊ नको."

मी ते डाव्या हातानं ओढणीखाली धरलं. प्रवासात ते बर्फाच्या पिशवीत असावं, अजून गार होतं. तेवढ्यात आतून आप्पा आले. त्यांच्या हातात वाटी होती.

"इंग्लिश, रिकाम्या हातानं चालली?"

मी उजवा हात पुढे केला.

"दोन्ही हातांनी धर," आप्पा म्हणाले. "आत्ताच गरम केलं, भाजेल."

ताई माझ्याकडे पाहत होती. मी "हो" म्हणाले, आणि एकाच हातानं वाटी धरून, बोटं भाजत, सगळा जिना उतरले.